अकराव्या खिळ्यावरचा चष्मा

मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी दमलोय. ज्यांना उत्साहाची गोष्ट हवी असेल त्यांनी एखाद्या चेंडूला गाठावं. माझ्या अंगात आजवर शंभराच्या वर खिळे ठोकले गेले, त्यांतले बरेचसे उपटलेही गेले, आणि आता अंगभर सुतळी चिकटवलेली आहे. ती चावते. पण सांगायला बसलोच आहे तर पहिल्यापासून सांगतो. मधेच गप्प झालो तर समजून घ्या.

मला एका सुताराने घडवलं. चार फळ्या शेजारी शेजारी जोडल्या, मागून दोन आडव्या पट्ट्या मारल्या, वरून काळा रंग दिला. मग मला भिंतीला टेकवून तो लांब जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "एक कोपरा खाली बसलाय. असू दे, पोरांना कुठे कळतंय." मला शाळेत लावलं त्या पहिल्याच दिवशी पोरांना ते कळलं. तो कोपरा आजही बसलेलाच आहे.

शाळेत मी बत्तीस वर्षं काढली. लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे. माझ्यावर लिहिलेलं एकही अक्षर दुसरा दिवस बघायला उरलं नाही. एक सवय मात्र लागली ती लागलीच. रोज सकाळी माझ्या वरच्या कोपऱ्यात हजेरी लिहिली जायची. पट चाळीस, हजर छत्तीस. बाई शिकवायला लागल्या की मुलं ते विसरायची, पण मी त्या चार जणांच्या काळजीत दिवसभर असायचो. ताप आला असेल का, का नुसतीच दांडी मारली? मग शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मला जिन्याखाली मोडक्या बाकांमागे टाकलं. तिथे किती वर्षं गेली ते मोजायचा मला कंटाळा आला होता. पुढे भंगारवाला आला.

भंगाराच्या दुकानातून मला काकांनी आणलं. काका आणि काकूंची नावं मला माहीत नाहीत, कारण काकू त्यांना 'अहो' म्हणतात आणि काका त्यांना 'अगं' म्हणतात, आणि एवढ्या वर्षांत दोघांचं काही अडलेलं नाही. काका एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कामगारांना हत्यारं द्यायची, संध्याकाळी मोजून परत घ्यायची, हे त्यांचं काम. काकूंचं काम कागदाचं. मागच्या खोलीत खिडकीजवळ त्यांचं टेबल, टेबलावर कापायची रबरी मॅट, बाजूला खळीचा डबा आणि भिंतीला कागदांची मांडणी. काकू पुस्तकं करतात, पण नुसती वाचायची नव्हेत. पान उघडलं की त्यातून घर उभं राहतं, झाड उभं राहतं, बोकड मान वर करतो. मुलं ती पुस्तकं शंभरदा उघडतात आणि शंभरदा दचकतात.

तेव्हा काकूंची कात्री रोज हरवायची आणि रोज कागदाखालीच सापडायची. काकांना हे बघवायचं नाही. ते म्हणाले, "अगं, आमच्या स्टोअरमध्ये एक फळा आहे. प्रत्येक हत्याराचा आकार त्यावर रंगवून ठेवलाय. हत्यार उचललं की मागे नुसता आकार उरतो. कोण गेलं ते दारातून कळतं." असं म्हणून त्यांनी मला भिंतीला ठोकलं. काकूंनी एकेक वस्तू माझ्यावर धरून तिच्या कडेने पांढऱ्या रंगाची रेघ काढली. मोठी कात्री, लहान कात्री, कटर, स्टीलची पट्टी, भोकं पाडायचा टोच्या, चिमटा, ब्रश, घडी दाबायची हाडाची पट्टी. सगळ्या मिळून तेवीस वस्तू. अकराव्या खिळ्यावर काकूंचा चष्मा. त्याचाही आकार काढला, दोन गोल आणि दोन काड्या.

माझी हजेरी पुन्हा सुरू झाली. पण इथली रीत शाळेच्या उलटी होती. इथे कामाच्या वेळी जो गैरहजर तो गुणी. सकाळी सगळ्यांत आधी चष्मा जायचा, मग पट्टी, मग टोच्या. संध्याकाळी एकेक जण दमून भागून परत यायचा. घरी येणारे लोक पुस्तकं बघायच्या आधी माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "काय नीट ठेवलंय हो सगळं." मला बरं वाटायचं. का वाटू नये?

वर्षं गेली तशा वस्तू आपल्या जागेवरून सरकल्या. कुणी मुद्दाम हलवल्या नाहीत. काकूंचा हात ज्या बाजूला सहज जाई तिकडे वस्तू जात राहिली. कात्रीच्या आकारात ब्रश आला, ब्रशच्या आकारात हाडाची पट्टी आली. पाहणाऱ्याला तो गोंधळ वाटला असता. काकू मात्र माझ्याकडे न बघता हात वर करायच्या आणि हवं ते हातात यायचं. मांडणीवरच्या कागदांचंही तसंच होतं. कागदाला एक दिशा असते, मित्रांनो. त्या दिशेने घडी घातली तर सुबक बसते, आडवी घातली तर कागद फुटतो. काकू सगळे कागद एकाच दिशेने ठेवायच्या, मग त्यांच्या कडा जुळोत न जुळोत.

मागच्या वर्षी एक दिवस काकू "कागद आणायला जाते" म्हणून बाहेर गेल्या आणि कागद न घेताच परत आल्या. चष्मा काढून त्यांनी अकराव्या खिळ्याला अडकवला. खुर्चीवर बसल्या. काम करताना स्वतःशी बोलायची त्यांना सवय आहे, तशाच हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, मधलं पुसट होत जाणार. कडेकडेचं दिसत राहील. चष्म्याचा उपयोग नाही." जरा वेळाने म्हणाल्या, "बरं." मग उठल्या आणि खळ ढवळायला लागल्या.

तेव्हापासून चष्मा रोज हजर. सकाळी हजर, दुपारी हजर, संध्याकाळी हजर. मला ती हजेरी घेताना नकोसं व्हायचं.

काकूंनी हे काकांना सांगितलं नाही. कारण एकदा पूर्वी काकूंचं बोट कापलं होतं, तेव्हा काका म्हणाले होते, "आता पुरे झालं. खोलीला कुलूप लावू, तू आराम कर." ते तेव्हा सहज बोलून गेले, पण काकूंनी ते मनात धरून ठेवलं. आणि हातात एक मोठं काम होतं. मुलांच्या वाचनालयाने त्यांच्याकडून एक पुस्तक मागितलं होतं. एक मुंगी घरभर फिरते, दर पानावर एक खोली उभी राहते. बारा पानं. स्वयंपाकघर झालं, न्हाणीघर झालं, पलंगाखालची जागासुद्धा झाली. शेवटच्या पानावर जिना होता, अठरा पायऱ्यांचा, आणि वर गच्ची. काकू रोज कामाला बसताना म्हणायच्या, "एवढं एक होऊ दे. मग सांगते त्यांना."

दिसत नसताना काकू कागद कापायच्या कशा, असं तुम्ही विचाराल. बोटांनी. टोच्याने रेघेच्या दोन टोकांना दोन बारीक भोकं पाडायची, बोटाच्या टोकाने ती भोकं शोधायची, तिथे पट्टी घट्ट धरायची आणि पट्टीच्या कडेने कटर ओढायचा. वेळ लागायचा. पण सगळ्या वस्तू ओळखीच्या जागी होत्या, म्हणून जमायचं. अकरा पानं अशीच हळूहळू पुरी झाली.

आणि काका रिटायर झाले.

पहिले दोन दिवस त्यांनी पेपर वाचला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. चौथ्या दिवशी चपला. रिकामा माणूस घराला किती जड होतो ते मी तेव्हा पाहिलं. पण त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची हत्यारं सांभाळली, आता घरातलं काहीतरी आपल्या हातून नीट व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. पुढच्या आठवड्यात काकू चार दिवस आपल्या ताईकडे गेल्या. काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. कात्रीच्या आकारात ब्रश पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "काय करून ठेवलंय हिने," ते म्हणाले. "आल्यावर बघत राहील."

त्यांनी सगळं उतरवलं. खिळे उपटले. पांढऱ्या रेघा खरवडल्या आणि माझ्यावर फिक्या हिरव्या रंगाचे दोन हात मारले. दोन दिवस मला दुसरा वासच येत नव्हता. मग पट्टी लावून सरळ रांगांत नवे खिळे ठोकले आणि लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या वस्तू लावल्या. प्रत्येकीला दोऱ्याने नंबराची चिठ्ठी बांधली. मांडणीवरचे कागद रंगाप्रमाणे लावले, आणि कडा जुळाव्यात म्हणून काही गठ्ठे फिरवून ठेवले. खरंच, दिसायला सगळं झकास झालं होतं.

चष्मा त्यांच्या हाती आला तेव्हा मला वाटलं, आता कळणार. काचांवर धूळ होती. काकांनी फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या. काकू परगावी आणि चष्मा इथे, हे त्यांच्या लक्षात आलं. पण ते हसले आणि म्हणाले, "विसरभोळी. इतकी वर्षं झाली, सुधारणा नाही." आणि त्याला अकरा नंबरची चिठ्ठी बांधून अकराव्या खिळ्यावर अडकवला. स्टोअरकीपरच तो. वस्तू जागेवर आहे म्हटल्यावर त्याचं समाधान झालं.

काकू परत आल्या. काका म्हणाले, "डोळे मीट. आता उघड." काकूंनी डोळे उघडले. त्यांना काय दिसलं असेल? कडेकडेला हिरवं काहीतरी. "छान आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, "कुठे काय आहे?"

"नंबर टाकलेत ना. यादी दाराला लावलीय. मोठ्या अक्षरात."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांचं 'बरं' मला एव्हाना ओळखता येत होतं. काकांना नाही आलं.

दुसऱ्या दिवशी काकू जिन्याला बसल्या. पट्टी, टोच्या आणि कटर शोधायलाच सकाळ गेली. मांडणीवरून त्यांनी कागद घेतला, नेहमीसारखा टेबलावर ठेवला, भोकं पाडली, पायऱ्या कापल्या, काकांना कटर जागेवर लागतो म्हणून उठून बोटांनी मोकळा खिळा शोधून अडकवला आणि घडी घातली. घडी फुटली. दुसरा कागद घेतला. तोही फुटला. कागद फिरवलेले आहेत हे त्यांना कसं कळणार? त्यांना वाटलं, डोळ्यांमागोमाग आता हातही गेले. त्या बराच वेळ ती फुटलेली घडी बोटाने चाचपत बसल्या. मग तिसरा कागद घेतला, तोही कापला, कटर पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला, आणि हाडाच्या पट्टीसाठी न बघता हात वर केला, जुन्या सवयीने, जुन्या जागी. तिथे त्यांनीच अडकवलेला कटर होता, पातं खाली करून.

तळहात कापला. पांढऱ्या पायऱ्यांवर रक्त पडलं. काका धावत आले, फडकं गुंडाळलं आणि घाबरलेला माणूस जसा ओरडतो तसे ओरडले, "अगं, समोर लटकलाय. दिसत नाही का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "नाही दिसत."

"मग चष्मा का नाही..." असं म्हणत काकांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा अकराव्या खिळ्यावर होता. चिठ्ठी बांधलेली, काचा लख्ख. त्या काचांवरची धूळ त्यांना आत्ता आठवली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते हळूच स्टुलावर बसले.

"ताईकडे जाताना तू विसरली नव्हतीस."

"नाही."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही खोलीला कुलूप लावलं असतं."

काकांनी हातावरचं फडकं पुन्हा घट्ट केलं. नाही म्हणणं किती सोपं होतं. पण जन्मभर खरी नोंद ठेवलेला माणूस तो. "लावलं असतं," ते म्हणाले.

मग ते काकूंना घेऊन दवाखान्यात गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. मला वाटलं, संपलं. आता कुलूप, मग जिन्याखाली, मग भंगारवाला. खरं सांगू, मला तेव्हा फार वाईटही वाटलं नाही. मी इतका दमलो होतो. वाईट वाटलं ते कागदाच्या जिन्याचं. अकरा खोल्या फिरून आलेली मुंगी अडकून पडणार होती.

चार दिवसांनी काका पक्कड घेऊन आले आणि त्यांनी माझे सगळे खिळे पुन्हा उपटले. मी मनाची तयारी केली. पण त्यांनी काकूंना हाताला धरून आणलं, त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं आणि चांगल्या हातात कात्री दिली. "ठेव," ते म्हणाले.

"कुठे?"

"हात जाईल तिथे."

काकूंचा हात वर गेला आणि माझ्या उजव्या बाजूला टेकला. काकांनी तिथे खडूने खूण केली. अशा तेवीस खुणा. एकही सरळ रांगेत नव्हती, आणि काकांच्या चेहऱ्यावरून त्यांना किती त्रास होतोय ते कळत होतं, पण ते बोलले नाहीत. खुणेवर खिळे ठोकले. कटर मात्र लाकडी म्यान करून त्यात घातला. मग प्रत्येक वस्तूच्या कडेने त्यांनी खळीने सुतळी चिकटवली, बोटाला लागेल अशी. ती ही सुतळी. चावते म्हणालो ना, पण तक्रार नाही.

कागदांकडे वळल्यावर काकूंनी एक कागद हातात घेऊन हलकेच वाकवला आणि म्हणाल्या, "हा आडवा आहे. म्हणून फुटत होता." काका म्हणाले, "मी फिरवले." "फिरवलेत," काकू म्हणाल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा हसल्या. हात शाबूत होते, याचं ते हसू होतं. काकांनी मग प्रत्येक कागदाचा एकेक कोपरा कापून टाकला. कापलेला कोपरा वर आला की दिशा बरोबर. बसलेला कोपरा असलेल्या मला त्या गठ्ठ्याविषयी एकदम आपुलकी वाटली.

जिना पुन्हा सुरू झाला. काका शेजारी बसत. काकूंनी कटर घेतला की काकांचं तोंड 'सांभाळून' म्हणायला उघडायचं आणि पुन्हा मिटायचं. दर पायरीला एकदा, अशा अठरा पायऱ्या. घड्या बसल्या. पान उघडलं तसा जिना ताठ उभा राहिला. शेवटी मुंगी राहिली. ती काकांनी चिमट्याने चिकटवली, जीभ बाहेर काढून, मोठ्या कष्टाने. काकूंनी बोट फिरवलं.

"अहो, उलटी चिकटवलीत. ही वर चढत नाहीये, उतरतेय."

काकांनी वाकून पाहिलं. "असू दे," ते म्हणाले. "घरी परत निघालीय."

पुस्तक वाचनालयात गेलं. ऐकतो की मुलं शेवटचं पान आधी उघडतात. काकूंना आता आणखी कमी दिसतं, पण पुढच्या पुस्तकाची दोन पानं झाली आहेत. ते पुरं होईल की नाही ते मला माहीत नाही, त्यांनाही नाही. खोलीला कुलूप नाही, एवढं मी सांगू शकतो.

माझं एकच दुःख आहे, मित्रांनो. बत्तीस वर्षं माझ्यावर लोकांनी काय काय लिहिलं. नद्यांची नावं लिहिली, पाढे लिहिले. मला मात्र वर्षभर एकच वाक्य माहीत होतं, 'काकूंना दिसत नाही', आणि ते मला लिहिता येत नव्हतं. तुम्हाला लिहिता येतं, बोलताही येतं. म्हणून घरात कुणाचं टेबल आवरायला जाल तेव्हा आधी त्याला विचारा. आणि सगळं जिथल्या तिथे दिसलं तरी लगेच खूश होऊ नका. जी वस्तू रोज लागायची ती आज जागेवरच का बसून आहे, हेही विचारा. माझ्यासारख्या मुक्या फळ्यावर ते काम सोपवू नका.

आता संध्याकाळ झाली. काका हजेरी घ्यायला येतील. ते डोळे मिटून माझ्यावर बोटं फिरवतात, काकूंना जसं सापडतं तसं आपल्याला सापडतं का ते बघतात. पहिल्या दिवशी टोच्या म्हणून ब्रश उचलला होता, नापास झाले होते. आता बरे आहेत. अकराव्या खिळ्याशी त्यांचा हात थांबतो. चिठ्ठी त्यांनी केव्हाच तोडून टाकली. चष्मा उतरवतात, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसतात, डोळे उघडून एकदा काकूंकडे बघतात आणि परत अडकवतात.

पट तेवीस, हजर तेवीस. चष्म्यावर धूळ नाही.